गोल्फ : वाचकांचे प्रश्न – पार-पाच आणि त्याचा दुसरा फटका

या वेळी आलेली बहुतेक पत्रे पार-पाचच्या होलविषयी आहेत आणि पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतच्या कोकणपट्टीतून आली आहेत, म्हणून ती एकत्रच घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नेहमीप्रमाणे नावे न देता केवळ गावे दिली आहेत. या खेळाशी नव्याने ओळख होत असलेल्यांसाठी एवढे सांगतो की, तीन फटक्यांत ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) आणि दोन पटमध्ये (ग्रीनवरून घरंगळवलेल्या फटक्यांत) चेंडू कपात, म्हणजे शेवटच्या खड्ड्यात, असा हिशेब ज्या होलवर अपेक्षित असतो तो पार-पाच. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत; जागतिक हँडिकॅप पद्धतीत पार-पाचची लांबी पुरुषांसाठी साधारणपणे ४५० ते ७१० यार्ड आणि स्त्रियांसाठी ३७० ते ६०० यार्ड धरली जाते. चेंडू मारण्याची काठी म्हणजे क्लब : सर्वांत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, मग वुड, हायब्रिड आणि आयर्न, आणि जवळच्या उंच फटक्यासाठी वेज. होलची सुरुवात टीवरून होते; फेअरवे ही मधली कापलेली हिरवळ, रफ हे तिच्या कडेचे वाढलेले गवत आणि बंकर हा वाळूचा खोलगट भाग.

प्रश्न : बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गोल्फ शिकू लागलो. माझा हँडिकॅप ३६ आहे. ड्रायव्हर चांगला बसला तर चेंडू १६० यार्ड जातो, सात नंबरच्या आयर्नने ११० यार्ड. ५०० यार्डांच्या होलवर मला नऊ, दहा, कधी अकराही फटके लागतात. बरोबरीचे खेळाडू सांगतात की, पार-पाच हा सर्वांत सोपा होल असतो. मग तो मलाच का जमत नाही? – अलिबाग

उत्तर : आपले सोबती सांगतात ते व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत खरे आहे. त्यांच्यापैकी अनेकजण दोन फटक्यांत ग्रीनपाशी पोहोचतात आणि त्यांच्या बऱ्याचशा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) याच होलवर होतात. आपल्या बाबतीत मात्र हा मैदानावरचा सर्वांत लांबचा रस्ता आहे, आणि जितके फटके अधिक तितक्या चुकण्याच्या संधीही अधिक. तेव्हा पहिली गोष्ट अशी की, या होलचा पार आपल्यासाठी पाच नाही. ३६ हँडिकॅप म्हणजे अठरापैकी प्रत्येक होलवर दोन फटक्यांची सवलत, म्हणून आपला पार सात.

आता सातचा हिशेब मांडून पाहा. ड्रायव्हरने १६०, त्यानंतर सात नंबरच्या आयर्नचे ११० यार्डांचे तीन फटके, म्हणजे चार फटक्यांत ४९० यार्ड. चेंडू ग्रीनच्या तोंडाशी आला. एक चिप (ग्रीनलगतचा छोटा फटका), दोन पट, झाले सात. यात एकही असामान्य फटका नाही, आणि चिप जवळ थांबली तर सहाही होतात. याचा अर्थ आपल्याकडे लागणारे अंतर आहे. नऊ आणि दहा होतात ते अंतर कमी पडते म्हणून नव्हे, तर मधले दोन-तीन फटके वाया जातात म्हणून. हे वाया जाणारे फटके कोठून येतात, हे आपल्या पत्रातील एका वाक्यावरून कळते. ते वाक्य जागेअभावी वर छापता आले नाही, पण आपण लिहिले आहे की, ड्रायव्हर वाईट गेल्यावर ‘भरपाई म्हणून’ रफमधूनही तीन नंबरचे वुड काढता. गेलेले अंतर पुढच्याच फटक्यात वसूल करण्याची ही घाई पार-पाचवर जितकी महाग पडते तितकी इतरत्र पडत नाही, कारण समोर मोकळे मैदान दिसत असल्यामुळे हात आवरत नाही. लांब दांड्याच्या आणि कमी कोनाच्या त्या क्लबने गवतात रुतलेला चेंडू उचलणे कसलेल्या खेळाडूलाही अवघड जाते. माझे स्पष्ट मत आहे की, हँडिकॅप ३० च्या खाली येईपर्यंत ते वुड पिशवीत ठेवूच नये. त्याच्या जागी पाच किंवा सहा नंबरचा हायब्रिड असावा. रफमधून आठ किंवा नऊ नंबरच्या आयर्नने, जवळच्या वाटेने फेअरवेवर यावे आणि पुन्हा सातच्या हिशेबाला लागावे.

नियमांतील तीन सवलती आपण वापरत नसाव्यात असे वाटते, म्हणून त्या सांगतो. खोल बंकरमधून चेंडू निघत नसेल तर २०१९ पासूनच्या नियमानुसार दोन दंडफटके घेऊन, कप आणि चेंडू यांच्या रेषेत मागे जाऊन, बंकरच्या बाहेर चेंडू सोडता येतो. वाळूत चार फटके घालवणाऱ्याला हे स्वस्तच पडते. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर मूळ नियमाप्रमाणे मागे जाऊनच खेळावे लागते, परंतु मैदान चालवणाऱ्या संस्थेने तसा स्थानिक नियम केला असेल तर दोन दंडफटके घेऊन पुढेच, फेअरवेच्या कडेला चेंडू सोडण्याचीही मुभा असते. तिसरी गोष्ट, हँडिकॅपसाठी नोंदवला जाणारा आपला कमाल आकडा या होलवर नऊ आहे : पाच पार, दोन सवलतीचे आणि वर दोन. स्टेबलफर्ड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक होलवर गुण मिळवत, खेळत असाल तर नवव्या फटक्याला गुण शून्यच मिळतो, म्हणून आठव्या फटक्यानंतरही चेंडू कपात नसेल तर तो उचलून खिशात घालावा. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉलसी येथे १९३२ मध्ये डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही पद्धत रूढ केली, ती एखाद्या होलवर अकरा लागले म्हणून खेळाडूचा सारा दिवस फुकट जाऊ नये यासाठीच. समुद्रावरचा वारा खाल्लेल्या माणसालाच असे सुचावे.

प्रश्न : माझा हँडिकॅप १७ आहे. ४८० यार्डांच्या होलवर ड्रायव्हर २२० यार्ड गेला की २६० उरतात. एका पुस्तकात वाचले की, दुसरा फटका आपल्या आवडत्या अंतरावर, म्हणजे १०० यार्डांवर थांबवावा. दुसरीकडे ऐकले की, शक्य तितके पुढे जावे. माझे तीन नंबरचे वुड चांगले लागले तर १९५ यार्ड जाते, हायब्रिड १७० आणि सहा नंबरचे आयर्न १५०. काय करावे? – पनवेल

उत्तर : पार-पाचचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टीवरचा फटका बहुतेक होलांवर सारखाच असतो, तिसरा फटका पार-चारच्या दुसऱ्या फटक्यासारखा असतो. केवळ पार-पाचवर आढळणारा असा फटका एकच, तो दुसरा. त्याला ठरावीक लक्ष्य नसते, म्हणून बहुतेक खेळाडू तो विचार न करता मारतात.

‘आवडते अंतर’ ही कल्पना पुष्कळ वर्षे शिकवली गेली. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदी घेऊन कोणत्या जागेवरून चेंडू कपात घालण्यास सरासरी किती फटके लागतात याची कोष्टके तयार केली, तेव्हा तिला धक्का बसला. व्यावसायिक खेळाडूला फेअरवेवरून १०० यार्डांवर सरासरी २.८० फटके लागतात आणि ६० यार्डांवर २.७०. म्हणजे जवळ जाणे फायद्याचेच, मधल्या अंतरावरून फटका ‘अर्धा’ मारावा लागला तरीही. पण याच कोष्टकाचा दुसरा रकाना सहसा कोणी वाचत नाही. ६० यार्डांवरच, परंतु रफमध्ये चेंडू असेल तर सरासरी २.९१ होते. याचा अर्थ रफमधील ६० यार्डांपेक्षा फेअरवेवरील १०० यार्ड बरे. चाळीस यार्ड पुढे जाण्याने फटक्याचा दहावा भाग वाचतो आणि रफमध्ये गेल्याने त्याच्या दुप्पट जातो. पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेल्यास पूर्ण एक फटका आणि त्याहून अधिक जातो, हे निराळे सांगायला नको. हे आकडे जगातील उत्तम खेळाडूंचे आहेत. आपले सर्वच आकडे मोठे असतील, पण त्यांची दिशा तीच राहील.

आता आपली तीन साधने पाहू. वुडने ६५ यार्ड उरतात, हायब्रिडने ९०, सहा नंबरच्या आयर्नने ११०. वुड आणि हायब्रिड यांतील फरक पंचवीस यार्डांचा, म्हणजे फटक्याच्या दहाव्या भागाहूनही कमी किमतीचा आहे. आपले वुड दहापैकी तीन वेळा जमिनीलगत घसटत गेले तर त्या तीन वेळांचे नुकसान उरलेल्या सात वेळांच्या फायद्याने भरून निघणार नाही. तेव्हा आपल्या हातात जो सर्वांत लांब क्लब दहापैकी नऊ वेळा स्वच्छ लागतो, तो घ्यावा. आपल्या आकड्यांवरून तो हायब्रिड असावा असे दिसते. केवळ १०० यार्ड उरावेत म्हणून मुद्दाम सहा नंबरचे आयर्न काढण्याचे कारण मात्र मला दिसत नाही. वुड दहापैकी नऊ वेळा लागू लागले की ते घ्या, तोवर नाही.

याला अपवाद आहेत. ग्रीनच्या अलीकडे पन्नास-साठ यार्डांवर बंकर असेल तर तेथवर जाऊ नये, कारण लांब अंतराचा बंकरमधील फटका हौशी खेळाडूसाठी या खेळातील सर्वांत अवघड फटक्यांपैकी आहे. फेअरवे पुढे निमुळता होत असेल तर रुंद भागातच थांबावे. कप ग्रीनच्या पुढच्या कडेला, बंकरच्या लगेच मागे असेल तर पूर्ण वेज मारून चेंडूला फिरकी देता येईल असे अंतर राखणे शहाणपणाचे, पण ती फिरकी आपल्याला खरोखर देता येत असेल तरच. आणखी एक गोष्ट अंतराहून महत्त्वाची असूनही मागे पडते : थांबायचे ते कोणत्या बाजूला. कप ग्रीनवर उजवीकडे, बंकरच्या आड असेल तर दुसरा फटका फेअरवेच्या डाव्या अर्ध्या भागात ठेवावा, म्हणजे तिसऱ्या फटक्याला ग्रीनची मोकळी बाजू मिळते.

यावर काही वाचक अमेरिकेतील ऑगस्टाच्या मैदानावर होणाऱ्या मास्टर्स या व्यावसायिक स्पर्धेचा, २००७ सालचा दाखला देतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षी झॅक जॉन्सन याने चार दिवसांतील सोळा पार-पाच होलांपैकी एकाही होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला नाही, तरीही ते होल त्याने पारपेक्षा अकरा कमी फटक्यांत खेळले आणि स्पर्धा जिंकली. पण ती स्पर्धा थंडीत, वाऱ्यात आणि टणक ग्रीनवर झाली होती, विजेत्याची एकूण संख्याही पारपेक्षा एकाने जास्त, २८९ होती. ऑगस्टाच्या तेराव्या आणि पंधराव्या ग्रीनच्या पुढ्यात पाणी आहे, आणि जॉन्सनचा वेज हा त्याच्या पिशवीतील सर्वांत धारदार क्लब होता. त्याने आपली बलस्थाने आणि मैदानाची किंमत ओळखून निर्णय घेतला. आपल्या मैदानावर ग्रीनपुढे पाणी नसेल आणि वेज साधारण असेल तर त्याचा निर्णय उचलून आपल्याला लागू करता येणार नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो, हँडिकॅप ५ आहे. ५०० यार्डांच्या होलवर ड्रायव्हरनंतर २४० उरतात. ग्रीनपुढे पाणी आहे आणि ते ओलांडण्यासाठी चेंडू हवेतच २१५ यार्ड जायला हवा. माझे तीन नंबरचे वुड २२० जाते. प्रशिक्षक थांबायला सांगतात, मित्र मारायला सांगतात. – रत्नागिरी

उत्तर : आपण ‘२२० जाते’ असे लिहिले आहे, ते सरासरीने की सर्वोत्तम फटक्याने? आणि हवेत की घरंगळून? प्रशिक्षक आणि मित्र यांच्यातील वाद यावरच सुटेल. पाणी ओलांडताना सर्वोत्तम फटक्याचे अंतर धरून चालत नाही, नेहमीच्या फटक्याचे धरावे लागते. आणि घरंगळणे तर हिशेबातच घेता येत नाही.

उदाहरणादाखल आकडे धरून पाहू. समजा दहापैकी चार वेळा आपला चेंडू ग्रीनवर किंवा तिला लागून येतो आणि तेथून सरासरी २.४ फटके लागतात, तर होल ४.४ मध्ये झाला. तीन वेळा तो बाजूच्या बंकरमध्ये किंवा रफमध्ये जातो आणि होल ४.८ मध्ये होतो. उरलेल्या तीन वेळा पाण्यात जातो. आधीचे दोन, एक दंडफटका आणि तेथून आणखी तीन, मिळून सहा. या दहा वेळांची सरासरी बरोबर पाच येते. आता ९० यार्डांवर थांबलात आणि तेथून सरासरी तीन फटके लागले, तर तेही पाचच. म्हणजे दहापैकी तीन चेंडू पाण्यात जात असतील तर आपला आणि प्रशिक्षकांचा सौदा सारखाच आहे, मग विनाकारण धोका का पत्करावा? पण पाण्यात जाण्याचे प्रमाण दहात एकवर आले आणि ते दोन चेंडू बंकरमध्ये गेले, तर सरासरी ४.७६ होते, आणि तेव्हा मित्रांचे म्हणणे बरोबर ठरते. हे माझे आकडे आहेत. आपल्या वहीतील आकडे यांच्या जागी घालून पाहावेत. ग्रीनवर येण्याच्या प्रमाणापेक्षा पाण्यात जाण्याच्या प्रमाणावर उत्तर किती हलते, ते आपल्या लक्षात येईल. पाणी नसून केवळ बंकर असते तर मी आपल्याला विचार न करता मारण्याचा सल्ला दिला असता.

हा निर्णय दुसऱ्या फटक्यापाशी पोहोचल्यावर घेतला तर उशीर होतो. वाऱ्यामुळे किंवा ओल्या जमिनीमुळे आज ग्रीन दोन फटक्यांत येणारच नाही असे टीवर दिसत असेल, तर अरुंद फेअरवेवर ड्रायव्हर काढण्याचे कारण उरत नाही; २३० यार्ड, १८० यार्ड आणि वेज यांनीही तोच होल होतो. सामना होल जिंकण्याच्या पद्धतीचा असेल तर मात्र सारे बदलते. प्रतिस्पर्धी आधीच पाण्यात गेला असेल तर थांबावे. तो ग्रीनवर असेल आणि आपण दोन होल मागे असू, तर मारावे.

१९३५ मध्ये ऑगस्टाच्या पंधराव्या होलवर जीन साराझन याने सुमारे २३५ यार्डांवरून चार नंबरच्या वुडने दुसरा फटका थेट कपात घातला आणि तीन फटक्यांची पिछाडी एका होलवर भरून काढली. तो फटका गोल्फच्या इतिहासात अजरामर झाला, आणि तरुण खेळाडूंचे त्याने नुकसानही बरेच केले. साराझन तेव्हा क्रेग वुड या प्रतिस्पर्ध्याच्या तीन फटके मागे होता आणि फार थोडे होल उरले होते, हे सांगायचे राहून जाते.

प्रश्न : मुलीकडे खारघरला गेले की सिडकोच्या मैदानावर आम्ही पती-पत्नी खेळतो. माझा ड्रायव्हर १३० यार्ड जातो. पुढच्या टीवरून खेळणे म्हणजे कमीपणा, असे वाटून मी यजमानांच्याच टीवरून खेळते आणि पार-पाचवर दमून जाते. – सावंतवाडी

उत्तर : कमीपणा अजिबात नाही. जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक टीचे मूल्यांकन स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र असते आणि त्याप्रमाणे सवलतीचे फटके बदलतात, त्यामुळे आपण दोघे वेगवेगळ्या टीवरून खेळूनही बरोबरीची स्पर्धा करू शकता. १३० यार्डांच्या ड्रायव्हरने ५०० यार्डांचा होल खेळताना दुसऱ्या फटक्याला निवड अशी राहतच नाही, प्रत्येक वेळी हाती येतो तो सर्वांत लांब क्लब घ्यावा लागतो. ४०० यार्डांच्या टीवरून तीच निवड परत मिळते. खेळाचा आनंद या निवडीत आहे, म्हणून अंतर कमी करणे म्हणजे खेळ सोपा करणे नव्हे. मैदानाची योग्य एकूण लांबी ठरवण्याचा एक ढोबळ नियम असा की, पाच नंबरच्या आयर्नचे आपले सरासरी अंतर ३६ ने गुणावे. आपल्या यजमानांनीही एकदा हा गुणाकार करून पाहावा, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये माझा ड्रायव्हर २३० यार्ड जातो, पावसाळ्यात २०० सुद्धा जात नाही. कोकणातील दमट हवेत चेंडू जड होतो म्हणून असे होते का? शिवाय सकाळी आणि दुपारी तोच होल वेगळा का वाटतो? – महाड

उत्तर : दमट हवेवरचा आरोप खोटा आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते आणि चेंडूला तिचा अडथळा किंचित कमीच होतो. हा फरक इतका सूक्ष्म आहे की, तो विसरून जावा. आपले तीस यार्ड जमिनीत जातात. एप्रिलमधील कडक जमिनीवर चेंडू पडून पुढे धावतो, जुलैत तो पडतो तेथेच रुततो. त्यात क्लबच्या पृष्ठावर पाणी असले की चेंडूला फिरकी कमी मिळते आणि वेजचा फटका कोठे थांबेल याचा भरवसा राहत नाही.

यावरून पावसाळ्यातील पार-पाचची आखणीच बदलावी लागते. १७-१८ हँडिकॅपच्या खेळाडूसाठी एप्रिलमध्ये ग्रीनपर्यंत तीन फटक्यांचा असलेला होल जुलैत चार फटक्यांचा होतो, आणि तसा तो मान्य केला तर त्रास होत नाही. जमिनीवरून धावणारा फटका विसरून उंच जाणारा हायब्रिड वापरावा. चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतून त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली गेला असेल तर बंकर आणि पेनल्टी एरिया (पाण्यासारख्या अडथळ्याचा आखलेला भाग) सोडून इतरत्र, रफमध्येसुद्धा, विनादंड सुटका मिळते. साचलेल्या पाण्यातूनही मिळते. अनेकजण हे न वापरता चिखलातून चेंडू उकरत बसतात. उलट एप्रिल-मेमध्ये पुढे कोठे तरी असलेला नाला किंवा बंकर एरवी आवाक्याबाहेर असूनही धावत्या चेंडूच्या आवाक्यात येतो. त्या दिवसांत उतारावरच्या फेअरवेवर दुसऱ्या फटक्याला एक क्लब कमी, म्हणजे एका पायरीने कमी पल्ल्याचा, घ्यावा.

सकाळ आणि दुपार यांचा फरक वाऱ्याचा आहे. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आणि जमीन तापली की दुपारपासून समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. पश्चिमेकडे तोंड असलेला पार-पाच सकाळी वाऱ्याच्या संगतीने आणि दुपारी त्याच्या विरुद्ध खेळावा लागतो. लक्षात ठेवावे की, समोरचा वारा जितके अंतर खातो तितके पाठीमागचा वारा परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात चेंडूला अडथळाही वाढतो आणि फिरकीमुळे तो उंच चढून जागीच कोसळतो. त्यावर उपाय जोर लावणे हा नाही. जोराने फिरकी वाढते आणि चेंडू अधिकच उंच जातो. एक-दोन क्लब जास्त घेऊन, दांडा थोडा खाली धरून, सावकाश मारावे. पश्चिमेकडच्या होलवर दुपारी दोन फटक्यांत ग्रीनचा विचारच करू नये, हे पाच हँडिकॅपवाल्यांनाही लागू आहे. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की होल अर्धवट सोडून निघावे. विजेचा धोका वाटल्यास खेळ थांबवण्याची परवानगी नियमांनीच दिली आहे.

प्रश्न : कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) सांगेल तोच क्लब घ्यावा का? आणि सोबतच्या खेळाडूला ‘कोणता क्लब मारलास?’ असे विचारलेले चालते का? – पेण

उत्तर : स्पर्धेत विचारलेले चालत नाही; फटक्यांच्या स्पर्धेत दोन दंडफटके लागतात. अंतर किती आहे, कप ग्रीनवर कोठे आहे, पाणी कोठवर आहे, ही माहिती मात्र कोणालाही विचारता येते, तो सल्ला धरला जात नाही. अंतर मोजणारे दुर्बिणीसारखे यंत्रही चालते, परंतु त्यातील चढ-उतार मोजण्याची सोय बंद ठेवावी लागते. कॅडीचे म्हणाल, तर दिशेच्या बाबतीत त्याचे ऐकावे, कारण फेअरवे कोणत्या बाजूला कलला आहे आणि ग्रीनवर चेंडू कोणीकडे वळतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. क्लबच्या बाबतीत त्याचा अंदाज आपल्या सर्वांत चांगल्या फटक्यावरून बांधलेला असतो आणि तोही बऱ्याचदा आपले मन राखण्यासाठी. त्याला ‘कोणता क्लब?’ असे विचारण्याऐवजी ‘कोठे गेलो तर वाईट?’ असे विचारून पाहावे.

प्रश्न : आमच्याकडे जवळपास मैदान नाही, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर जाऊन खेळतो. समुद्रकिनाऱ्यावर सराव केला तर उपयोग होईल का? – गुहागर

उत्तर : होईल, आणि पार-पाचच्या दुसऱ्या व तिसऱ्या फटक्यासाठी विशेष होईल. ओहोटीच्या वेळी पाणी सरल्यावर जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते ती या सरावासाठी उत्तम. कोरड्या, भुसभुशीत वाळूत क्लब रुततो आणि चुकीची सवय लागते. ओल्या वाळूवर एक सरळ रेघ ओढावी, चेंडू न ठेवता क्लब फिरवावा आणि वाळूवरचा ओरखडा रेघेच्या पुढे सुरू होतो की मागे ते पाहावे. तो मागे सुरू होत असेल तर आपले फटके चेंडूआधी जमिनीला लागत आहेत, आणि वुड किंवा हायब्रिड घसटण्याचे तेच मुख्य कारण असते. ओरखडा रेघेपुढे स्थिरावला की चेंडू ठेवून ४० ते ७० यार्डांचे वेजचे फटके मारावेत. वाळूवर पावलांनी अंतर मोजून खुणा करता येतात आणि चेंडू जेथे पडला तेथे खळगा दिसतो, त्यामुळे हवेतील अंतर अचूक कळते. हिरवळीवर ते इतके स्पष्ट कळत नाही.

काही पथ्ये पाळावीत. रापण ओढली जात असेल, मासळी वाळत असेल किंवा पर्यटक असतील तेथे क्लब बाहेर काढू नये. वेळास, आंजर्ले यांसारख्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात तेथे विणीपासून पिल्ले समुद्रात जाईपर्यंतच्या महिन्यांत अजिबात सराव करू नये, आणि समुद्राच्या दिशेने चेंडू तर कधीच मारू नये. घरामागचा सडा मोकळा दिसतो म्हणून जांभ्या कातळावर आयर्न चालवू नये. क्लबचे नुकसान होतेच, मनगटही कायमचे दुखावू शकते. लांब फटक्यांसाठी भातकापणीनंतरची कोरडी खाचरे, मालकाची परवानगी घेऊन, त्याहून बरी. तेथे हायब्रिड आणि वुड यांचे वीस-वीस चेंडू मारावेत, दोन्हींचे किती स्वच्छ लागले ते वहीत लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी मैदानावर जाताना ती वही पिशवीत टाकावी.